तोंडाची स्वच्छता आणि बाकीचं शरीर: संबंध कुठे पक्का, कुठे कच्चा

मोबाइलवर सध्या दातांबद्दलचे व्हिडिओ फार फिरतायत. 'हिरडीतून रक्त येतंय? आधी हृदय तपासून घ्या.' 'रात्री ब्रश केला नाही तर स्मृतिभ्रंश होतो.' 'रूट कॅनाल केलेला दात म्हणजे शरीरात साठवलेलं विष.' आणि त्याच मोबाइलच्या मालकाच्या घरात दातांचं दुखणं हे दुखणं म्हणून मोजलंच जात नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकली तर घरभर चर्चा होते. हिरडी वर्षभर सुजलेली असली तर लवंग दाबून वेळ मारून नेली जाते.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगते. तोंडाचा बाकीच्या शरीराशी संबंध आहे, पण सगळे दावे सारख्या वजनाचे नाहीत. सगळ्यात भक्कम पुरावा दोन ठिकाणी मिळतो: मधुमेह, आणि म्हाताऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांना होणारा न्यूमोनिया. यांच्यावर व्हिडिओ फारसे निघत नाहीत. आणि नेमक्या याच माणसांच्या तोंडाकडे आपल्या घरांत सगळ्यात कमी लक्ष जातं.

## दातांवर नेमकं काय साचतं?

माणसाच्या तोंडात सातशेहून जास्त जातींचे जिवाणू सापडले आहेत. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. अडचण येते ती ते एका जागी थर करून बसले की. स्वच्छ घासलेल्या दातावर काही तासांतच पातळ, चिकट थर धरू लागतो. त्याला प्लाक म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की जे बुळबुळीत लागतं, तसाच हा प्रकार. टाकीत कितीही पाणी ओतलं तरी तो थर निघत नाही, आत उतरून घासावंच लागतं. जेवणानंतरची चूळ चांगलीच, पण तिने प्लाक जात नाही. महागड्या माउथवॉशनेही जात नाही.

थर तसाच राहू दिला तर लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो. हेच दातांवरचं किटण. ते घरच्या ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडे जाऊन काढून घ्यावं लागतं. त्याला स्केलिंग म्हणतात.

या थराने हिरडीचं काय होतं हे १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला सांगितलं, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. मला हा प्रयोग फार आश्वासक वाटतो. घासताना बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली म्हणजे सगळं संपलं असं नाही. या टप्प्यावर गाडी पूर्ण मागे आणता येते. लोक मात्र उलटं करतात. रक्त आलं की त्या जागी ब्रश लावायचंच सोडून देतात, आणि थर आणखी वाढतो.

मागे न येणारा टप्पा त्यापुढचा. सूज हिरडीखालच्या हाडापर्यंत उतरते, हाड झिजू लागतं, हिरडी दातापासून सुटते. जुनी माणसं याला पायोरिया म्हणतात. इथेही तोच शब्द वापरते. दंतवैद्याकडे यासाठी एक बारीक, बोथट टोकाची काडी असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद सरकवून खोली मोजतात, एकेका दाताभोवती सहा जागी. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर भरते. पायोरियात काडी ५, ६, कधी ७ मिलिमीटर आत जाते आणि बाहेर काढताना टोकाशी रक्त असतं. एवढं होऊनही बहुतेकांना काही दुखत नसतं, म्हणून तर ते आधी आलेले नसतात.

सगळ्या दातांभोवतीचा असा सुजलेला भाग पसरून मोजला तर तो ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढी ओली जखम पोटरीवर असती आणि रोज तिच्यातून रक्त येत असतं, तर आपण वर्षभर थांबलो असतो का?

## साखर आणि हिरडी

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्याने पाय जपावेत, डोळ्यांचा पडदा तपासावा, मूत्रपिंडाची चाचणी करावी, हे आता गावोगावी माहीत झालंय. हिरड्यांचं नाव त्या यादीत अजून सहसा येत नाही.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. रक्तात साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखमा भरायला वेळ लागतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. त्यामुळे मधुमेह्याचा पायोरिया लवकर सुरू होतो आणि जास्त खोल जातो. उलट दिशेने, हिरडीत कायम धुमसणारी सूज आपली रसायनं रक्तात सोडत राहते आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही. पथ्य तेच, गोळी तीच, तरी साखर हटत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांच्या तोंडात कुणी डोकावलेलंच नसतं.

आता आकडा. वेगवेगळ्या देशांतल्या ३५ चाचण्या एकत्र तपासून २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने निष्कर्ष काढला. पायोरिया असलेल्या मधुमेह्यांच्या हिरडीखालची नीट सफाई केली, तर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे आपण जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतो ती, सरासरी ०.४३ ने खाली आली. सहा महिन्यांनी हा फरक ०.३० होता. म्हणजे रिपोर्टवर ८.२ असेल तर तीन-चार महिन्यांनी ७.८ च्या आसपास. गोळी सोडून देण्याइतका हा फरक नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. पण मधुमेहात एवढी घट मिळवायला माणसं किती धडपडतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची किंमत कळेल.

व्यवहारात एवढंच करायचं: मधुमेहाच्या डॉक्टरांना हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताबद्दल सांगा, दंतवैद्याला शेवटचा एचबीए१सी दाखवा. दोघांना एकमेकांचे कागद दिसत नाहीत. ते आपल्यालाच न्यावे लागतात.

## म्हातारपणचा न्यूमोनिया तोंडातून कसा येतो?

आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेवर क्षणभर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेत जातो. अर्धांगवायू, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश किंवा नुसतं फार वय झालेलं असलं की हे झाकण पडायला उशीर होतो. मग पाणी पिताना ठसका लागतो. त्याहून धोक्याचं म्हणजे झोपेत लाळ थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरते आणि ठसकाही लागत नाही. थोडी लाळ आत जाणं एरवी निभावून जातं. पण त्या लाळेत किती आणि कसले जिवाणू आहेत, यावर पुढचं ठरतं. न घासलेल्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर तिथे जंतुसंसर्ग होतो.

जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत याची रीतसर चाचणी झाली. एका गटातल्या वृद्धांचं तोंड सेवकांनी प्रत्येक जेवणानंतर घासून द्यायचं, गरज असेल तर दंतवैद्याने आठवड्यातून येऊन साफ करायचं. दुसऱ्या गटात नेहमी चालतं तसंच चालू द्यायचं. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या १९ टक्के जणांना न्यूमोनिया झाला, पहिल्या गटात ११ टक्के जणांना. २००२ साली हे निकाल प्रसिद्ध झाले. त्यातली एक बाब विशेष लक्षात ठेवण्यासारखी: ज्यांना एकही दात नव्हता त्यांनाही फायदा झाला. दात नसले तरी जीभ असते, टाळू असते, हिरडी असते, आणि थर तिथेही धरतो.

दवाखान्यातला पुरावाही याच बाजूचा आहे. पंधरा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या रुग्णांचे दात रोज ब्रशने घासले गेले त्यांच्यात दवाखान्यात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना सगळ्यात जास्त उपयोग झाला. न्यूमोनिया टाळायला साधा ब्रश कामी येतो, हे ऐकून मी स्वतः चकित झाले होते.

माझ्या आत्याला अर्धांगवायूनंतर नाकातून नळीने भरवावं लागत होतं. सांभाळणाऱ्या मावशी जिवापाड करायच्या: अंग पुसून काढणं, कूस बदलणं, केस विंचरणं, पावडर. तोंडाला मात्र कुणी हात लावत नव्हतं, कारण 'त्या तोंडाने खातच नाहीत ना'. एकदा घरी आलेल्या नर्सबाईंनी टॉर्च धरून आम्हाला आतून दाखवलं. टाळूवर पिवळट-तपकिरी पापुद्रा सुकून चिकटलेला होता, जिभेवर जाड साय धरली होती. खरं तर नळीवरच्या माणसाचं तोंड जास्त लवकर घाण होतं. चावणं बंद, बोलणं बंद, म्हणून लाळ आटते. तोंड उघडं टाकून श्वास घेतल्याने उरलीसुरली ओलही वाळते.

नर्सबाईंनी शिकवलेली रीत अशी. आधी डोक्याकडची बाजू वर करायची आणि मान एका कुशीला वळवायची, म्हणजे पाणी घशात न जाता गालात येतं. ओल्या गॉजने टाळू आणि जीभ दोन-तीन मिनिटं भिजू द्यायची. सुकलेला पापुद्रा ओढून काढायचा नाही, रक्त येतं. तो मऊ झाला की लहान मुलांच्या मऊ ब्रशने, पाणी निथळून टाकून, हळूहळू पुसल्यासारखं घासायचं. सुटलेली घाण लगेच गॉजने टिपून घ्यायची, आत राहू द्यायची नाही. तोंडात पाणी ओतायचं नाही. रुग्णाच्या दातांमध्ये आपलं बोट घालायचं नाही, नकळत चावा बसतो. शेवटी ओठांना पेट्रोलियम जेली. सकाळ-संध्याकाळ मिळून दहा मिनिटांचं काम.

तोंडाने खाणाऱ्या वृद्धांना बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घासांनी भरवावं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. प्रत्येक जेवणात ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर 'वयाचं आहे' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

कवळीचंही इथेच सांगते. टोकियोत ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघालं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे कोण काय करतं ते नुसतं पाहिलं, त्यामुळे सगळा दोष कवळीवर टाकता येणार नाही. पण रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवायला काही लागत नाही, आणि हिरडीलाही तेवढीच विश्रांती मिळते.

## चावणं, गिळणं, बोलणं: हेही आरोग्यच

आपण तोंडाचं आरोग्य म्हणजे पांढरे दात समजतो. जपानने यापुढचा विचार केला. तिथे १९८९ साली '८०-२०' नावाची मोहीम सुरू झाली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात शाबूत असावेत. वीस का, तर एवढे दात असले की जवळपास कुठलाही पदार्थ चावता येतो. सुरुवातीला दहातल्या एकालाही हे जमत नव्हतं. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोक त्या टप्प्यावर पोचले होते.

मग तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की दात मोजून भागत नाही. जीभ, ओठ, गाल यांचे स्नायूही म्हातारपणी दुबळे होतात. काशिवा शहरातल्या ६५ वर्षांवरच्या २,०११ जणांच्या अभ्यासात असं दिसलं की चावणं, गिळणं, जिभेची चपळाई अशा तीन किंवा अधिक बाबतींत कमजोर असलेल्यांना पुढच्या काही वर्षांत शारीरिक दुर्बलता येण्याचा धोका इतरांच्या २.४ पट होता. तोंडाची कमजोरी हे कारण की एकंदर खंगण्याची पहिली खूण, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण खूण असली तरी ती लवकर दिसणारी आहे.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. दाढा गेल्या की आधी ऊस आणि पेरू सुटतो, मग कडक भाकरी, मग मोड आलेली मटकी, काकडीची कोशिंबीर, मटणाचा तुकडा. राहतो तो मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्किट. 'आजींना भूक नाही हो' असं आपण म्हणतो. भूक असते, चावता येत नाही. ताटातली प्रथिनं कमी होतात, दंड-पोटऱ्या वाळतात, आणि त्याच बरोबर जिभेचाही जोर जातो. कवळी सैल झालीय का, हे आजींना विचारून पाहा. अनेकदा ती डबीतच पडून असते.

जपानी तपासण्यांतल्या दोन घरीही करून पाहता येतात. पहिली 'प, त, क'ची. शाळेत शिकलेलं आठवत असेल: प ओष्ठ्य, त दंत्य, क कंठ्य. म्हणजे एक ओठांचं काम दाखवतो, एक जिभेच्या टोकाचं, एक जिभेच्या मागच्या भागाचं, आणि गिळताना हे तिन्ही लागतात. पाच सेकंदांत 'पपपप' जितक्या वेळा स्पष्ट म्हणता येईल तितकं म्हणायचं, मग 'त', मग 'क'. सेकंदाला सहापेक्षा कमी भरलं तर ती अवयवाची चपळाई कमी झाली असं मानतात. दुसरी तपासणी: तीस सेकंदांत नुसती लाळ किती वेळा गिळता येते? तीनपेक्षा कमी असेल तर गिळण्याकडे लक्ष द्यायला हवं. ही निदानं नव्हेत, पण डॉक्टरांशी बोलायला निमित्त पुरतं.

आपल्याकडे तोंडाचं काम बंद पाडणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हातारपणाची वाट पाहत नाही. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडणं कमी कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर लगेच दाखवा. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते सगळे जाणतात.

आणि मिश्री. आपल्या गावांत, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतही, कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूची ही पूड 'दात स्वच्छ होतात' म्हणून हिरडीला लावतात. ती लावून अर्धा तास निवांत बसण्याची जी ओढ असते ती निकोटिनची असते. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली. तोंडाचा शरीराशी संबंध याहून थेट कसा दाखवणार?

## मग हृदयाचं आणि मेंदूचं काय?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली पक्की आहे. तोंडातले काही जिवाणू रक्तातून जाऊन हृदयाच्या खराब किंवा कृत्रिम झडपेवर घर करू शकतात. हा आजार फार होत नाही, पण झाला तर जिवावर बेततो. म्हणून कृत्रिम झडप बसवलेल्यांना, पूर्वी हा आजार होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोषांत दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस देतात. झडपेची कुठलीही तक्रार असेल तर ती दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधीच सांगा.

दुसरी गोष्ट हार्ट अटॅकची. पायोरिया असलेल्यांना हृदयविकार जास्त आढळतो हे खरं. पण तंबाखू, मधुमेह, गरिबी यांनी दोन्ही बळावतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं की संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो किंवा हिरड्यांच्या उपचाराने अटॅक टळतो हे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे छातीत दुखत असेल तर हृदयरोगतज्ज्ञ, दंतवैद्य नव्हे.

अल्झायमर्स या स्मृतिभ्रंशाच्या आजाराच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवं. २०१९ साली मृत रुग्णांच्या मेंदूत पायोरियाच्या एका जिवाणूच्या खुणा सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि खूप गाजावाजा झाला. त्या जिवाणूला रोखणारं औषध मोठ्या चाचणीत २०२१ साली अपयशी ठरलं. ही दुसरी बातमी फारशी कुणी पुढे पाठवली नाही.

गर्भारपणातही असंच. पायोरिया आणि वेळेआधी प्रसूती यांचा संबंध दिसत होता, म्हणून अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर चाचणी झाली. २००६ चे निकाल असे: हिरड्यांवर उपचार केल्याने वेळेआधीच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत, पण हिरड्या सुधारल्या आणि आई-बाळाला कसला त्रासही झाला नाही. म्हणजे 'दिवस आहेत, आता दाताला हात लावू नका' हे ऐकून कळ सोसत बसण्याचं कारण नाही. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

## 'स्केलिंग केलं की दात हलतात', आणि अशाच काही शंका

ही तक्रार खोटी नाही, तिचं कारण वेगळं आहे. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दातांच्या मधल्या फटी बुजवून टाकतं. हाड आतून आधीच झिजलेलं असतं आणि सैल दात किटणामुळे एकमेकांना चिकटून राहतात. ते काढलं की खरी परिस्थिती उघडी पडते. सुजलेली हिरडी ओसरल्याने दात लांब दिसतात, थोडे दिवस थंड पाणी झोंबतं. काही आठवड्यांत हिरडी घट्ट होते. किटण तसंच ठेवलं तर मात्र हाड झिजतच राहतं आणि दात एक दिवस हातात येतो.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, असं अजूनही सांगितलं जातं. दाताची आणि दृष्टीची नस वेगवेगळी आहे. दाढा काढायचं वय आणि डोळ्यांना चष्मा, मोतिबिंदू यायचं वय एकच, एवढाच काय तो योग.

रूट कॅनालच्या भीतीला मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-इंग्लंडात असं मानलं जाऊ लागलं की संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्याचं मूळ दातात लपलेल्या संसर्गात आहे. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल्स, मग आतड्याचे भागही काढले. वेड बरं झालं नाही, माणसं मात्र दगावली. तो सिद्धांत मागे पडला, पण त्याचे तुकडे आजच्या व्हिडिओंत नव्याने फिरतायत. नीट केलेल्या रूट कॅनालने कर्करोग होतो याला पुरावा नाही. उलट सडलेली नस तशीच ठेवली तर पू गळ्यापर्यंत उतरून जीव धोक्यात येऊ शकतो.

'आमचे आजोबा कडुलिंबाच्या काडीने घासायचे, नव्वदीपर्यंत दात होते.' असतीलही. काडी चावून तिचा मऊ कुंचा केला आणि तो सगळीकडे फिरवला तर थर निघतो. पण आजोबा दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि बिस्किटं घेत नव्हते. प्रत्येक गोड घोटानंतर जिवाणू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. तासातासाला चहा घेतला तर दाताला उसंतच मिळत नाही. राखुंडी आणि जाडसर लाल मंजन दाताचं वरचं कवच घासून टाकतात, तेवढं मात्र सोडावं.

माउथवॉशबद्दल एक वेगळीच गोष्ट. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटवर काम करतात आणि त्यातून शरीराला रक्तवाहिन्या सैल ठेवणारं रसायन मिळतं. जंतुनाशक माउथवॉश रोज वापरल्याने हे जिवाणूही मरतात आणि रक्तदाब किंचित वाढल्याचं लहान अभ्यासांत दिसलंय. दंतवैद्याने सांगितलं तर सांगितले तेवढेच दिवस वापरावं.

## रोज काय करायचं, आणि खर्चाचं काय?

आपण सकाळी दात घासल्याशिवाय चहाला हात लावत नाही, आणि रात्री तसेच झोपतो. झोपेत लाळ फार कमी होते, म्हणून दोन्हींतला जास्त महत्त्वाचा ब्रश रात्रीचा. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, लहान लहान हालचालींनी, दोन मिनिटं. फ्लोराइडची पेस्ट घ्या. घासून झाल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारून घ्या. दातांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही, तिथे दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतो.

खर्चाची अडचण खरी आहे. बहुतेक आरोग्यविम्यांत नेहमीचे दंतोपचार बसत नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण वेळेवर केलेलं स्केलिंग नंतरच्या कवळीपेक्षा आणि न्यूमोनियाच्या बिलापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच मुंबईत नायर दंत महाविद्यालयात, खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी पैशांत काम होतं. रांग असते, दोन-तीन खेपा पडतात. अनेक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग आहे. जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दाढ काढायची म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी दोन्ही डॉक्टरांना विचारा.